मारिसोलने तोंड मिटलं तेव्हा

फोन आला तेव्हा मी क्लिनिकच्या मागच्या खोलीत लहान मुलांच्या लसी फ्रिजमध्ये लावत होते. पलीकडून मारिसोलची मैत्रीण बोलत होती. "सुषमा, शीज गॉन," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या लसी लावून टाकल्या. इतकी वर्षं नर्सिंग केल्यावर हात असे आपोआप चालत राहतात. रडू आलं ते घरी, कुकर लावताना, आणि मग काही केल्या आवरेना. आता दीड-दोन महिने झाले. मारिसोल तिशीसुद्धा न गाठता गेली, हे लिहितानाही खरं वाटत नाही... पण तिच्याबद्दल लिहायचं ते केवळ ती लवकर गेली म्हणून नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी एवढी हिंमत फार थोड्या माणसांत पाहिली, म्हणून लिहायचं.

ती मूळची चिलीची. लष्करी राजवटीत वडिलांच्या जिवावर बेतलं, तेव्हा आईवडील तिला कडेवर घेऊन न्यूझीलंडला आले आणि ऑकलंडच्या दक्षिणेला मनुरेवात राहिले. पुढे त्याच भागात एल साल्वाडोर, कोलंबिया अशा ठिकाणची आणखी काही कुटुंबं आली. सगळी स्पॅनिश बोलणारी, बहुतेक जीव मुठीत धरून पळालेली. मी सांगलीहून आलेली. लॅटिन अमेरिका म्हटलं की फुटबॉल, यापलीकडे माझं ज्ञान जात नव्हतं. मारिसोलने पहिल्याच वर्षी माझी ती कच्ची बाजू हेरली आणि पुढे कायम त्यावरून मला चिडवत राहिली. माझ्या मैत्रिणीची मुलगी मला मावशी म्हणते, ते तिने एकदा ऐकलं आणि स्वतःही ते उचललं. भर थंडीत पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून यायची आणि दारातूनच ओरडायची, "किया ओरा, मावशी!" म्हणजे माओरीतला नमस्कार. सगळी वेटिंग रूम वळून बघायची.

क्लिनिकमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा ती युनिव्हर्सिटीत शिकत होती आणि फावल्या वेळात सुपरमार्केटच्या काउंटरवर काम करत होती. आईला, एलेनाला, ब्लडप्रेशरसाठी घेऊन यायची. एलेनाचं आयुष्य ऑफिसं झाडण्यात गेलेलं, रिकाम्या इमारतीत इंग्रजी शिकवणार कोण? त्यामुळे डॉक्टर बोलायचे ते मारिसोल आईला सांगायची, आई बोलायची ते डॉक्टरांना. मग शेजारणींनाही घेऊन येऊ लागली. मी मनापासून कौतुक करायचे. आमच्या क्लिनिकमध्ये टोंगन, सामोअन, कंबोडियन, सगळ्यांची मुलं हेच करत. शाळेचा युनिफॉर्म घातलेली पोरं आजीच्या लघवीच्या तक्रारी इंग्रजीत सांगत, आणि आम्ही त्यांच्या हातात एक स्टिकर ठेवून "गुड बॉय, गुड गर्ल" म्हणत असू. त्यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं.

एके दिवशी एक स्पॅनिश बोलणारी बाई आली, दहा वर्षांच्या मुलीला घेऊन. बाईंचं पोटातलं मूल गेलं होतं. डॉक्टरांनी ते मुलीला सांगितलं आणि मुलीने आईला. बाहेर आली तेव्हा त्या पोरीचा चेहरा अगदी शांत होता. मारिसोल तेव्हा बाहेर आईच्या औषधांसाठी थांबली होती. तिने त्या मुलीकडे पाहिलं, उठली आणि सरळ माझ्या ड्रेसिंगच्या खोलीत येऊन बसली. मग म्हणाली, "मावशी, मी नऊ वर्षांची होते. बाबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, आईला सांग, आता काही करता येण्यासारखं नाही, आज इथेच थांबा. माझ्या तोंडून ते निघेना. मी आईला म्हटलं, डॉक्टर म्हणतात बाबा बरे होतील, आपण घरी जाऊ या. आई मला घेऊन घरी गेली. सूप केलं, मला जेवू घातलं... बाबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ कुणीच नव्हतं." आईला हे तिने कधीच सांगितलं नव्हतं. एवढं ओझं घेऊन ही मुलगी रोज हसत कशी होती, मला कळेना.

त्यानंतर तिने जे केलं, ते मला जन्मात सुचलं नसतं. आपल्यासारखी, लहानपणापासून घरच्यांसाठी बोलत आलेली मुलं तिने गोळा केली. कुणी शिकत होतं, कुणी गॅरेजमध्ये होतं, एक जण बेकरीत होता. सभा भरायच्या एलेनाच्या स्वयंपाकघरात. आधी त्यांनी आमच्या मॅनेजरांना रीतसर भेटून दुभाष्यांची मागणी केली. मॅनेजर माणूस वाईट नव्हते, पण "बघू, बजेट येऊ दे" यापुढे गाडी सरकेना. तेव्हा या पोरांनी ठरवलं की येत्या सोमवारपासून आपण बोलायचं नाही. घरच्यांबरोबर यायचं, शेजारी बसायचं, हात हातात धरायचा, पण डॉक्टरांसमोर तोंड मिटून बसायचं. जिवावरचं काही असेल तर मात्र हा नियम लागू नाही, हे मारिसोलने प्रत्येकाकडून वदवून घेतलं होतं.

सोमवारी आमच्या नाकी नऊ आले. पोरांच्या शर्टावर पिवळे बिल्ले होते, "मी हिचा मुलगा आहे, दुभाषी नाही", "मी हिची मुलगी आहे, दुभाषी नाही". डॉक्टर विचारायचे, आई मुलाकडे बघायची, मुलगा जमिनीकडे बघायचा. कुणी ओरडत नव्हतं, घोषणा नव्हत्या. पण गप्प बसणं किती अवघड होतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आपली आई हातवारे करून समजावतेय, डॉक्टरांना ते कळत नाही, आणि उत्तर आपल्या जिभेवर आहे... बेकरीतला तो दांडगा पोरगा अक्षरशः ओठ चावत बसला होता. सगळ्यात कठीण गेलं ते मारिसोलला. एलेनाने तिला हाक मारली, एकदा, दोनदा, आणि मग भर वेटिंग रूममध्ये तिला काहीतरी बोलली. काय बोलली ते मारिसोलने मला नंतर सांगितलं, "ती म्हणाली, तुला माझी लाज वाटते." मी म्हटलं, "अगं, मग सांगून टाक ना तिला बाबांचं, तिला कळेल तरी तू हे का करतेस." तिने मान हलवली. "ते सांगितलं तर ते दुःख तिला आयुष्यभर पुरेल, मावशी. त्यापेक्षा रागावू दे." एलेना कित्येक दिवस तिच्याशी धड बोलली नाही. आणि तरी ही दर वेळी आईबरोबर येत राहिली, शेजारी बसत राहिली. मी तिच्या दुप्पट वयाची, पण त्या दिवसांत मी तिच्याकडे वर मान करून बघायला लागले.

महिना उलटायच्या आत मॅनेजरांनी हात टेकले. फोनवरून दुभाषी मिळायची सोय देशात नुकतीच सुरू होत होती, ती आमच्याकडे आली. गंभीर काही सांगायचं असेल तर दुभाषी समोर हजर हवा, आणि कुठल्याही मुलाला मध्ये घालायचं नाही, असा नियम झाला. तो नुसता स्पॅनिश बोलणाऱ्यांपुरता नव्हता, सगळ्यांसाठी होता. मग ही पोरं आसपासच्या इतर क्लिनिकांच्या मागे लागली. मी पेढे केले, मारिसोलने ते खाऊन "स्वीट ॲज" म्हटलं, इथल्या बोलीत 'एकदम मस्त', आणि स्वतःच आपल्या विनोदावर हसली.

आणि मग हे दुखणं. पोटात दुखतंय म्हणून आली. मी तपासण्यांचे रिपोर्ट बघितले, कॅन्सर होता. पुढचं सगळं भराभर झालं. आता इलाज नाही असं हॉस्पिटलमध्ये डॉक्टर सांगणार, हे तिला आदल्या दिवशीच कळलं होतं. तिने मला बोलावून घेतलं. खोलीत तरुण डॉक्टर, एलेना आणि मी. डॉक्टरांना वाटलं, पेशंटला दोन्ही भाषा येतात, मग अडचण काय. ते हळू आवाजात म्हणाले, "आईला तू सांगतेस का?" मारिसोल म्हणाली, "नाही. दुभाष्याला बोलवा. आज मी फक्त तिची मुलगी आहे." आम्ही थांबलो. दुभाषी आल्या, वयस्कर, उरुग्वेच्या बाई. डॉक्टर बोलले, त्यांनी स्पॅनिशमध्ये सांगितलं. मारिसोल छताकडे बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. एलेनाने सगळं ऐकून घेतलं. मग ती लेकीकडे वळली आणि बोलू लागली. दुभाष्यांचा नियम असा की खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं, आणि बोलणाऱ्याच्याच तोंडचं असल्यासारखं, 'मी' म्हणून. त्या बाईंनी एक शब्द गाळला नाही.

"तुझ्या बाबांच्या वेळी तू मला म्हणालीस, ते बरे होतील. मला तेव्हाच कळलं होतं. डॉक्टरांचा चेहरा मी बघितला होता. पण मी पुन्हा विचारलं असतं, तर तुला ते तोंडाने सांगावं लागलं असतं. तू नऊ वर्षांची होतीस. म्हणून मी नाही विचारलं. तुला घेऊन घरी आले."

मारिसोलने छतावरची नजर काढली आणि आईकडे बघितलं. "मामी," म्हणाली, त्यांच्या भाषेत आई, आणि लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. एलेनाने चपला काढल्या आणि त्या अरुंद पलंगावर लेकीशेजारी आडवी झाली. डॉक्टर, दुभाषी बाई, मी, आम्ही तिघं बाहेर आलो.

परवा एक टोंगन बाई आली. छातीत गाठ लागत होती. बरोबर आठेक वर्षांची मुलगी, आईच्या पुढे उभी, काय विचारतील ते ऐकायला कान टवकारून. मी म्हटलं, "थांब, मी फोन लावते, तिकडून एक बाई आईशी बोलतील. तू बाहेर जा, झोपाळा आहे." तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, तिला ते खरंच वाटेना. मी पुन्हा म्हटलं, जा. आणि ती पळाली.