पिंजाऱ्याच्या बायकोची दुवा

माझे मालक भूम गावी मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारचा उपदेशही तेच करायचे. मी तिथल्याच मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. मुदतीच्या तापानं ते अंथरुणाला खिळले तेव्हा सगळी मंडळी आमच्या ओसरीवर गुडघे टेकून बसली होती. मीही बसले होते. ते गेले आणि माझी प्रार्थना बंद पडली. ठरवून नव्हे. डोळे मिटले की काही सुचायचंच नाही.

सकाळी औषधं द्यायच्या आधी नर्सनं व्हरांड्यात उभं राहून प्रार्थना करायची, अशी दवाखान्याची रीत होती. गर्दी फार असते असं सांगून मी ती सोडून दिली. निजामाचा अंमल, येणारे रोगी हिंदू, मुसलमान, लिंगायत. आमच्या प्रार्थनेवाचून त्यांचं काय अडणार होतं?

एका बाजारच्या दिवशी पिंजाऱ्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन आली. पदराला, केसांना कापूस चिकटलेला. पोराची छाती भरली होती, श्वासागणिक नाकपुड्या फुलत होत्या. डॉक्टर दौऱ्यावर होते. कपाटात होती ती गोळी मी कुटली आणि तिच्याच दुधातून पोराला पाजली. तरी ती उठेना.

"बाई, आता दुवा करा की."

"औषध दिलंय भाबी. घरी जाऊन शेक देत राहा."

"पैलं तुमी दवेच्या आदी दुवा करत व्हता. माज्या थोरलीच्या वक्ताला केली व्हती. म्या ऐकलीय."

मी पोराच्या पाठीवर हात ठेवला. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. मागं माणसं खोळंबली होती. शेवटी म्हणाले, "मला येत नाही आता."

तिनं माझ्या मोकळ्या मनगटांकडं पाहिलं. "बरं," ती म्हणाली, "मग म्या करते. तुमी आमीन म्हणा. तेवढं तर दोघींचं एकच हाय."

तिनं दोन्ही हात पसरले आणि आपल्या बोलीत अल्लाकडं पोराचा जीव मागितला. मी आमीन म्हणाले. तिचं मन मोडू नये, एवढ्यासाठीच.

पोर वाचलं. गोळीनं वाचलं असं मी धरून चालले. तिनं मात्र बाजारभर सांगितलं, की मिशनच्या बाईच्या दुवेनं वाचलं. मग लोक येऊ लागले. बाई, आमच्या म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवा. एक जण तर सोनारीच्या भैरवनाथाचा अंगारा कपाळाला लावून तसाच माझ्यापुढं डोकं वाकवून उभा राहिला. मी हात ठेवायचे आणि दुसरीकडं बघायचे.

ही गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली. ते मिशनचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा उपासना घ्यायला यायचे. उपासनेत त्यांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. "बाईंच्या विश्वासानं एक लेकरू वाचलं," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. माझे कान तापले.

"प्रार्थना मी केली नाही," मी म्हणाले. "ती त्याच्या आईनं केली. हे गेल्यापासून मला प्रार्थना येतच नाही. मी इथं नुसती बसते."

पाळकसाहेब खाली बघू लागले. तेवढ्यात सतरंजीवरून एक म्हातारी बोलली. दुसऱ्यांची दळणं दळून पोट भरणारी बाई. तिची प्रार्थना लांबलचक आणि ओरडून केलेली असायची. पाहुण्यांसमोर मला तिचा संकोच वाटायचा.

"आमाला ठावं हाय गं लेकी. तुजं व्हट हालत्यात, आवाज न्हाय निघत. मास्तर गेल्यापासनं तुज्या वाटणीची आमीच करतो. तू बस खाली."

दोघी-तिघींनी माना हलवल्या. मी खाली बसले. खरं सांगितल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. उलट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ज्यांच्या ओरडण्याला मी नाक मुरडत होते, त्यांच्या ओरडण्यात रोज माझं नाव होतं. आणि मी ते कधी कान देऊन ऐकलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात उभी राहिले. जुने शब्द आठवेनात. मग समोर बसलेल्या एकेकाचं दुखणं मोठ्यानं देवाला सांगत गेले. याचा गुडघा, हिचा खोकला, त्या आजोबांचं साफ न होणारं पोट. आजोबा ओशाळले, पोरी खुदकन हसल्या. त्या सकाळी माझा विश्वास परत आला होता असं मी म्हणणार नाही. पुढं तो कधी आला, कधी गेला. रझाकारांच्या धामधुमीत तर कित्येक दिवस नव्हताच. तरी व्हरांड्यातली ती प्रार्थना मी पुन्हा सोडली नाही. रोज तोंड उघडताना आधी लाज वाटायची, मग पहिल्या रोग्याचं दुखणं आठवायचं.