एस्तेर सिस्टरांचे राहून गेलेले वाक्य

एस्तेर सिस्टरांची आणि माझी पहिली भेट शिरूरच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात झाली, आणि ती काही फार गोडीची नव्हती. मी कंपाउंडरच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, कागदपत्रांची फाइल, तोंडपाठ केलेली उत्तरे, सगळा जामानिमा होता. सिस्टरांनी फाइल उघडलीच नाही. "हात दाखवा," म्हणाल्या. नखे पाहिली आणि म्हणाल्या, "नखं कापा आणि उद्या सकाळी आठला या." आपल्याला नोकरी लागली हे मला एसटी स्टँडवर चहा पिताना उमगले. त्यानंतर सव्वीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले. नखे आजही दर रविवारी न चुकता कापतो.

सिस्टर यंदा पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांच्या चर्चच्या मंडळीने हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले तेव्हा त्यांनी साफ नकार दिला होता. फार गळ घातल्यावर एका अटीवर तयार झाल्या. प्रत्येक लेखकाने त्या कुठे चुकल्या, ते एक तरी लिहायचे. समितीची पंचाईत झाली. गौरवग्रंथात चुका कोण छापतो? पण सिस्टरांच्या अटीतून कुणाची सुटका होत नाही, हे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांना पक्के ठाऊक आहे. मला चूक शोधावी लागली नाही. मला एकच माहीत आहे आणि तिचा मी साक्षीदार आहे. ती लिहू का, असे विचारायला गेलो तर म्हणाल्या, "तीच लिहा. बाकीचं कुणीही लिहील."

तरी बाकीचे थोडे लिहितोच, रागावल्या तर रागावोत. सिस्टर मूळच्या दौंडच्या, वडील रेल्वेत. सारे आयुष्य मात्र त्यांनी शिरूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांना दिले. एकदा वडगाव रासाईला बाळंतपणासाठी निघालो तर भीमेच्या पाण्याने वस्तीचा रस्ता चिखलात गेलेला. सिस्टरांनी पेटी डोक्यावर घेतली आणि चालू लागल्या. मी तरणाबांड, मागून छत्री धरून चाललो होतो, तो दोनदा पडलो. त्या एकदाही पडल्या नाहीत. बाळ-बाळंतीण सुखरूप झाल्यावर हात धुता धुता त्यांनी सासूला पहिला प्रश्न केला, "हिनं सकाळपासून काय खाल्लंय?" मुलगा की मुलगी, हे सांगायचे त्यांच्या ध्यानातच नव्हते. मी थक्क होऊन पाहत राहिलो, आणि हे थक्क होणे अजून संपलेले नाही.

आमचा वाद मात्र रोजचा. मी बौद्ध. माणूस जे करतो तेच त्याचे, दुसरा कुणी येऊन तारणार नाही, हे मी वडिलांच्या तोंडून ऐकत वाढलो. सिस्टरांची श्रद्धा नेमकी उलटी. तारण म्हणजे पापातून सुटका आणि देवाचा सहवास, तो कितीही सत्कृत्ये केली तरी कमावता येत नाही. तो देव कृपेने देतो, आपण विश्वासाने घ्यायचा. त्यांचे दौंडचे थोरले बंधू स्वतः ख्रिस्ती असूनही त्यांना टोकत की कामात दिसत नाही तो विश्वास कसला. दुपारचे डबे उघडले की मीही तिथूनच सुरुवात करायचो.

"फुकटच मिळणार असेल तर तुम्ही पहाटेपासून राबता कशाला?"

"भालेराव, लेकरू आईला मिठी मारतं ते काय मांडी मिळावी म्हणून? ते आधीच मांडीवर असतं."

"आणि वाईट माणूस?"

"त्यालाही तीच मांडी."

हे मला तेव्हा पटले नाही. पुरते आजही पटलेले नाही.

आता ती चूक. दर गुरुवारी आमची फेरी कवठे येमाईला असे. तिथे किसन आबा म्हणून झेंडूची शेती करणारे गृहस्थ होते. छातीचे दुखणे शेवटाला आले होते. त्या दिवशी सकाळी सिस्टर त्यांच्या खाटेपाशी बसल्या होत्या, मी औषधे काढत होतो. आबांनी अचानक विचारले, "सिस्टर, म्या कुनाचं वाईट केलं न्हाई. भावकीत भांडान न्हाई, कुनाची वाट आडवली न्हाई. तुमचा देव मला जवळ करंल का?"

सिस्टर म्हणाल्या, "आबा, चांगल्या कामांच्या जोरावर तिथं कुणीच पोचत नाही."

एवढ्यात शेजारच्या घरातून हाक आली. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल आडवे होते. सिस्टर पेटी उचलून धावल्या. बाळंतपण आटोपून परत आलो तेव्हा उन्हे कलली होती आणि आबांनी भिंतीकडे तोंड केले होते. सिस्टरांनी हाका मारल्या, खांद्यावर हात ठेवला. ओ आली नाही, शुद्ध हरपली होती. दोन दिवसांनी ते गेले.

त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर जीपमध्ये सिस्टर एवढेच म्हणाल्या होत्या, "माझं दुसरं वाक्य राहिलं."

"कोणतं?"

"म्हणून तर तो स्वतः न्यायला येतो."

मरणाऱ्या माणसाला अर्धेच सांगितले गेले होते, आणि तेही नेमके भीती घालणारे अर्धे.

त्यानंतर सिस्टर आबांच्या पत्नीकडे, भागूआजींकडे, दर गुरुवारी जाऊ लागल्या. आधी रक्तदाब तपासायला. मग डोळ्यांत थेंब घालायला. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनला स्वतः घेऊन गेल्या. मग पदर खोचून झेंडू तोडायला लागल्या. सत्कृत्यांनी काही मिळत नाही असे सांगणारी बाई सत्कृत्यांचा डोंगर रचत होती आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नव्हती. मला दिसत होते, पण बोलायची माझी छाती झाली नाही. अशी दोन वर्षे गेली.

एका दुपारी दोघी फुले क्रेटमध्ये भरत होत्या. भागूआजी मान वर न करता म्हणाल्या, "सिस्टर, तुमी कशापायी येता त्ये मला ठावं हाय. तुमी त्येंना बोललात तवा मी उंबऱ्यातच बसले हुते."

सिस्टरांचे हात थांबले. "राग आला होता?"

"आला की. माती हुईस्तवर लई हुता. मंग म्हनलं, बाईच्या तोंडातनं निघून गेलं. तिला तरी किती दिस धरून ठेवायचं? सोडून दिलं."

"मग मला सांगितलं का नाही आजी?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी नुसत्या राबत हुता."

सिस्टर त्या फुलांतच खाली बसल्या आणि रडल्या. रक्तदाबाचे यंत्र हातात धरून मी उभाच राहिलो. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "आणि आबा?"

"त्येंचं मला न्हाई सांगता यायचं," आजी म्हणाल्या. "पर माझं सांगते. आता कामाला येऊ नगा. च्याला या."

पुढच्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा चर्चमध्ये जाऊन बसलो. उपासनेत सिस्टर उभ्या राहिल्या आणि सगळे सांगितले, काही न लपवता. शेवटी म्हणाल्या, "देवाची क्षमा कमवावी लागत नाही, असं मी तुम्हाला वर्षानुवर्षं शिकवत आले. आणि स्वतः दोन वर्षं झेंडू तोडून ती कमवायला निघाले होते. कृपा म्हणजे काय ते मला कवठ्यात कळलं, चर्चची पायरी कधी न चढलेल्या बाईकडून." आपली चूक इतक्या उघडपणे सांगणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जे वाटले त्याला आदर हा शब्द अपुरा पडतो.

तेव्हापासून सिस्टर दुसरे वाक्य आधी बोलतात. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा हे मी स्वतः ऐकले. आप्पा पक्के, शेवटपर्यंत चेष्टा न सोडणारे. सिस्टरांना बघून म्हणाले, "काय सिस्टर, आमचं काय हुईल?"

"आप्पा, तो स्वतः न्यायला येतो असं मी मानते."

"आन् मी मानत न्हाई, तर?"

"तर तुमचं काय ते ठरवणारी मी कोण? ज्याच्या हातात आहे, तो माझ्यापेक्षा फार चांगला आहे."

"मग बरं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी सिस्टरांचा हात हातात घेतला. चहा गार झाला तरी सिस्टरांनी आपला हात सोडवून घेतला नाही. मला वडिलांच्या जाण्याचे दुःख आहे, पण त्या दुपारचा विचार आला की मन शांत होते. त्याबद्दल सिस्टरांचे आभार मी कधी मानले नव्हते. आज मानतो.

सिस्टर आता काठी घेऊन चालतात. कवठ्याची गुरुवारची फेरी मात्र चुकत नाही. अजूनही पिशवीत आजींसाठी केळी नाहीतर बिस्किटे असतातच, इतकी जुनी सवय लवकर जात नाही. त्यांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, गुडघ्यांनी त्यांना साथ द्यावी आणि आमचा वाद आणखी पुष्कळ वर्षे चालावा, एवढीच माझी इच्छा आहे.

हा लेख लिहिण्याआधी मी भागूआजींकडे जाऊन आलो. ग्रंथासाठी सिस्टरांना काही सांगायचे आहे का, असे विचारले. आजींना आता दिसायचे कमी झाले आहे. त्यांनी चाचपडत चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तिला म्हनावं, लई जगा. आन् येत्या बेस्तरवारी तरी हात हलवत या."