पापडीचा पेंटर आणि माझी पाटी

पापडी गावात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला गिऱ्हाइकाचं ऐकायची सवयच नव्हती. कान खाजवत तो "बराबर, बराबर" म्हणायचा आणि स्वतःला हवं तेच करायचा. रंग लावण्याआधी तो पाटीवर खडूने अक्षरं आणि चित्र काढायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचायला लावायचा. डोक्यावर मासळीची टोपली असलेल्या बायकाही त्यातून सुटत नसत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना विचारायचा, "इथं काय विकतात, सांग बघू." उत्तर चुकलं की पाटी पुसून पुन्हा सुरुवात.

मी चष्म्याचं दुकान काढलं, तेव्हा मला पाटीवर बारीक, वळणदार इंग्रजी अक्षरं हवी होती. "बराबर," म्हणत त्याने ती हुबेहूब काढली. मग मला रस्त्यापलीकडे नेलं, माझ्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला आणि म्हणाला, "वाचा, शेठ."

पाटी सोडा, मला दुकानच दिसेना.

"तुमचं गिऱ्हाईक चष्मा घालून येनार का घ्यायला येनार?"

संध्याकाळी पाटीवर ठसठशीत मराठी अक्षरं होती आणि शेजारी बैलगाडीच्या चाकाएवढा चष्मा.

काही वर्षांनी तो स्वतःच डोळे तपासायला आला. भिंतीवरच्या तक्त्याची खालची ओळ त्याला काही केल्या वाचता येईना. बराच वेळ त्याने डोळे बारीक करून पाहिलं, कान खाजवला आणि म्हणाला, "शेठ, ह्याचा पेंटर कोन? कुनाला न दाखवताच रंगवलाय त्यानं."