बोरीच्या पावसाचा पुरावा

पुढे आयुष्यभर मी व्यापार, गुंतवणूक आणि हवामानाच्या कायद्यांत रमले. पण यातलं पहिलं प्रकरण हाती आलं तेव्हा या कायद्यांना अशी नावं असतात, हेही मला ठाऊक नव्हतं. परभणीच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली नुकतीच लागले होते. नामांतराचे तापलेले दिवस होते आणि मी बौद्ध वस्तीतली. आईला एकच घोर, "तुझ्याकडं कोण येईल गं?"

आलं ते बोरीचं एक शेतकरी जोडपं. उर्दूतून कायदा शिकलेले आमचे वकीलसाहेब त्यांना म्हणाले, "कागज इंग्रजीत आहे. या बाईच वाचतील." नवरा जरा घुटमळला. बायको मात्र सरळ माझ्यापुढे येऊन बसली. नर फुलाचा पराग हातानं मादी फुलाला लावून संकरित कापसाचं बियाणं पिकवून देण्याचा त्यांचा बाहेरगावच्या एका कंपनीशी करार होता.

"एकेक फूल आमी हातानं जुळवलंय, ताई," ती म्हणाली. "वेचणीत तीन दिवस पाऊस आला. कापूस वाळवण्यात आठ दिवस गेले. आता ते म्हणायलेत, उशीर झाला, माल घेत न्हाई."

करार मी तीनदा वाचला. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक कलम सापडलं. पावसानं खोळंबा झाला तर मुदत वाढणार होती, पण पावसाचा पुरावा हवा होता. तालुक्याच्या गावी, जिंतूरला, पावसाच्या सरकारी नोंदी पाहिल्या, तर त्या दिवसांपुढे शून्य.

"शून्य?" बाई उसळलीच. "मग आमी काय सपनात भिजलो? शाळेत इचारा. मास्तर रोज पाऊस मोजतेत."

बोरीच्या भूगोलाच्या मास्तरांनी मुलांना शिकवायला म्हणून शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवला होता. त्यांच्या वहीत कित्येक वर्षांचा पाऊस होता, एक दिवस चुकलेला नाही. आमचे तीन दिवसही होते. मी शाळेतच टाळ्या पिटल्या.

पुढच्या पेरणीआधी बियाणं पोचायला हवं होतं, म्हणून आम्ही तातडीचा अर्ज केला. कंपनीच्या वकिलांनी मास्तरांना घेरलं, "तुम्ही हवामान खात्याचे आहात का?"

"न्हाई, साहेब."

"मग या वहीवर विश्वास का ठेवायचा?"

"ही वही लिहिताना करार कोणाचा, कापूस कोणाचा, मला काय ठाऊक? जेवढा पडला, तेवढा लिहिला."

न्यायाधीशांनी वही मागून घेतली आणि एकेक पान उलटून पाहिलं. मग हुकूम दिला, मुदत वाढली आहे, कंपनीनं माल घ्यावा. वकीलसाहेब माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "बहोत खूब!" त्या दोन शब्दांवर मी आठवडाभर तरंगत होते.

पुढच्या हंगामात कंपनीचा माणूस नवे करार घेऊन बोरीला गेला, तेव्हा गावानं मला बोलावून घेतलं. शाळेच्या ओट्यावर बसून मी एकेक कलम मराठीत सांगत गेले. फुलं जुळवणाऱ्या बायका पुढे बसल्या होत्या. "उभयपक्षी" म्हणजे दोन्ही बाजूंनी, पण त्यातला "पक्षी" ऐकून त्या हसून लोटपोट झाल्या, पण एकही कलम त्यांनी तसंच जाऊ दिलं नाही. दुपारपर्यंत कंपनीच्या माणसानं तीन कलमं जागच्या जागी बदलून लिहिली.

मग त्या जोडप्यानं आम्हा सगळ्यांना घरी जेवायला नेलं. कंपनीचा माणूसही आमच्याच पंगतीला बसला होता, आणि बाई त्याला आग्रहानं वाढत होती.