कच्च्या भाताचा रंग

ताडकळसहून फोन आला तेव्हा मी नुकताच भात वैरला होता. "काकू, आई गेली," पुतण्या एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मी भात होता तसाच उतरवला आणि परभणीच्या स्टँडकडे निघाले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, अर्धकच्चा भात उतरवण्याची वेळ माझ्यावर जन्मात पहिल्यांदा आली होती, आणि तीही अक्कामुळे. जाता जाता तिने माझा भात बिघडवलाच... आधी राग आला, मग रडू आलं. शेजारची बाई विचारायला लागली, कोण गेलं? मी म्हटलं, जाऊ.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, गिरजाबाई, माहेरची पाथरीची. पोलीस ॲक्शन होऊन रझाकारांची धास्ती नुकतीच सरली होती, त्या सुमारास मी धाकटी सून म्हणून ताडकळसच्या त्या घरात आले. अक्का उंच, सावळी, हसली की घर दणाणायचं. कामात मात्र धांदरट. आमच्याकडे रोजची ज्वारीची भाकरी, भात सणासुदीला नाहीतर पाहुणा आला तर. अक्काचा भात हा घरातला थट्टेचा विषय होता. शितं सुटी आणि प्रत्येकाच्या पोटात कणी. थोरले दीर पहिला घास घेऊन विचारायचे, "ह्यो भात हाय का खडी हाय?" सगळ्यांत आधी तीच हसायची. माझा भात मऊ, पांढराशुभ्र, बोटांनी दाबला की विरघळणारा. पहिल्याच दिवाळीला सासऱ्यांनी तो मागून घेतला. वाटलं, चला, या घरात आपली जागा झाली.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला अक्काचा भाऊ आला. लढाईच्या काळात तो पलटणीबरोबर मलायात होता. येताना त्याने पत्र्याची एक डबी आणली. आत वाळलेल्या रक्ताच्या रंगाचे तांदूळ. तिकडचे चिनी लोक म्हणे भातावर मुद्दाम लाल बुरशी आणतात, ती वाळवून मासळीला आणि दारूला रंग देतात. एका घरातून ह्याने चिमूटभर मागून आणली आणि पाथरीत जगवून ठेवली होती. आमच्या सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अन्नाला बुरा आला तर आमी उकिरड्यावर टाकताव, आन् ह्यो आणा म्हनायलाय!" पण अक्काने ऐकलं नाही. शिजवलेला भात गार केला, चिंचेच्या पाण्याचा हबका मारला, त्यात डबीतले दाणे कुटून कालवले आणि टोपल्यात घालून, ओलं फडकं झाकून चुलीच्या उबेला ठेवला. आधी पांढरी लव आली, मग ती केशरी झाली आणि आठवड्याभराने सगळा भात लालभडक. सासूबाईंनी तो आधी कोंबडीला घातला. कोंबडी दुसऱ्या दिवशीही अंगणात हिंडताना दिसली, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढं नणंदेचं लग्न ठरलं. नवरदेव येलदरीच्या धरणावर कामाला, सासरची माणसं चार गावं पाहिलेली. रुखवतात आपलं नाक वर राहावं म्हणून घर कामाला लागलं. कुरडयांचा चीक अक्का आणि मी मिळून घोटला, पण रंग तिच्या लाल भाताचा. बाजारातल्या पुडीचा रंग तळताना तेलात उतरायचा, हिचा उतरायचा नाही. उन्हाने मात्र तो विटायचा, म्हणून कुरडया ती धोतराच्या सावलीत वाळवायची. परातीत रचलेल्या त्या लाल कुरडया पाहून वरमाय वाकली. "कुणाच्या हातचा रंग म्हनायचा ह्यो?" सासूबाई ताठ होऊन म्हणाल्या, "आमच्या थोरलीच्या." त्याच दुपारी सगळी पंगत माझ्या हातचा भात जेवून उठली. एकही माणूस काही बोललं नाही. भात चांगला झाला की कोण बोलतं? मी मागच्या दारात भांडी विसळत होते, विसळत कसली, आपटत होते. ती कच्ची शिजवणार, सांडलवंड करणार, आणि नाव तिचं!

मला तो लाल रंग हवा होता. तिच्याकडून घेतलेला नव्हे, माझ्या हातून आलेला. मागितला तर तिने डबीच पुढे केली. "घे की, माझं काय जातंय?" तिचं हेच मला सोसायचं नाही. हातचं राखून ठेवलं असतं तर मला निदान भांडता आलं असतं. मी माझा सुरेख भात शिजवला, दाणे कालवले, टोपलं झाकलं. काळा बुरा आला. पुन्हा केला, तर चिकट होऊन आंबला आणि घरभर घाण सुटली. अक्का वाकून बघून म्हणाली, "शांते, तू भात लय शिजवतीस. कच्चा ठिव. शीत शिताला चिकटलं की त्येला वारा लागत न्हाई."

ती खरं सांगत होती, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, हिला माझाही भात आपल्यासारखा करून ठेवायचाय. मग दोघींनाही हसतील सगळे, हिच्या एकटीच्या वाट्याचं हसणं निम्मं होईल. मी टोपलं घासून उपडं घातलं. पुढे आम्ही परभणीला बिऱ्हाड केलं. दर उन्हाळ्यात ताडकळसहून अक्काच्या लाल कुरडया यायच्या, माझी मुलं त्यांच्यावर तुटून पडायची आणि मी तळून वाढायची. गेल्या वर्षी डॉक्टरने रक्तातल्या चरबीसाठी मला गोळी दिली. कृषी शिकलेला नातू म्हणाला, "आजी, असलं औषध बुरशीतनंच सापडलं. मोठ्या आजीच्या लाल भातातबी असतंय ते." म्हणजे रोज रात्री पाण्याबरोबर गिळायची तीही हिचीच चीजवस्तू... मी फोन करून तिला सांगितलं. ती हसली, आणि इकडे खोलीतल्यांना ऐकू गेलं एवढी हसली. ते आमचं शेवटचं बोलणं.

चौदाव्याला पुतण्याने लाल दाण्यांची ती पत्र्याची डबी हातात दिली. "आईनं तुमाला द्यायला सांगितलं व्हतं." मेल्यावरही देतच होती.

मागच्या आठवड्यात मी तांदूळ धुतले. पाणी कमी घातलं, आणि शितात कणी असतानाच भात उतरवला. उतरवताना हात अडत होता, इतक्या वर्षांची सवय. गार झाल्यावर डबीतले दाणे कुटून कालवले आणि टोपलं झाकून गॅसच्या ओट्याशेजारी ठेवलं. काल सकाळी सूनबाईने फडकं उचललं आणि ओरडली, "आत्या, बघा तरी! मोठ्या आत्यांचा रंग आलाय!"

आयुष्यभर ज्याच्यासाठी जळले तो लाल माझ्या टोपल्यात आला होता आणि नाव पुन्हा तिचंच. आता भांडायलाही ती नाही. मी एक शीत उचलून दाताखाली धरलं. कचकन लागलं.

"रंग तिचाच हाय," मी म्हटलं. "पन कच्चा भात माझा हाय."