पहिलं भजं

आमच्या जोगजा शहरात साहेबाला ‘नाही’ म्हणायची रीतच नाही. काम पार बोंबललं तरी प्रोग्रामर हसून म्हणणार, “होतच आलंय!” वेनिंगताईने नवी कंपनी काढून आम्हाला कामावर घेतलं, तेव्हा ही खोड तिला पुरती ठाऊक होती. म्हणून रोज सकाळी ती केळ्याची गरम भजी आणायची. वाईट बातमी जो आधी सांगेल, पहिलं भजं त्याचं.

“सेनो, आज तरी खा रे! की तुझं सगळं सोन्यासारखं चाललंय?” ती टोमणा मारायची. आमच्यातला प्रोग्रामर सेनो मान खाली घालून हसायचा. भजी गार होऊन जायची.

एके दिवशी ताईनेच पहिलं भजं उचललं.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “आपलं ॲप दुकानदारांना दाखवलं. कुणालाच नकोय. हट्ट माझाच होता.”

मालकाच्या तोंडून असलं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

सेनोचा हात हळूच पुढे आला. “ताई, माझं काम महिनाभर अडलंय.”

मग माझा हात गेला, मग बाकीच्यांचे. बघता बघता ताटली रिकामी झाली.

बोटं पुसत ताई म्हणाली, “आणखी मागवू का रे?”