रहाडीवरची ट्राम

आमच्या नाशकातली माणसं फार हुशार. हे मी नाशिककर म्हणून सांगते आहे, बाहेरच्यांनी यात तोंड घालू नये.

तीस सालाच्या आधीची गोष्ट. स्टेशनवरून घोड्यांची ट्राम गावात यायची, पण मेनरोडपर्यंतच. तिथून पुढे जुन्या गावात आमच्या चौकापर्यंत रूळ टाकायचं ठरलं आणि माझ्या थोरल्या बहिणीचा जीव भांड्यात पडला. ताईचा एक पाय लहानपणापासून अधू. स्टेशनकडच्या मुलींच्या शाळेत तिला मास्तरीण म्हणून नेमलं होतं, शिमगा झाला की रुजू व्हायचं होतं. पण मेनरोडपर्यंतचा चढउतार तिला झेपायचा नाही. तांग्याला बाबांची ना. तरुण मुलगी रोज एकटी तांग्यात दिसली तर लोक काय म्हणतील? ट्राममध्ये डझनभर परक्या बाप्यांच्या शेजारी बसली तर मात्र लोक काही म्हणणार नव्हते. हे गणित बाबांनाच ठाऊक.

अडचण एकच. चौकाच्या मधोमध, रस्त्याखाली, आमची रहाड होती. नाशकाबाहेरच्यांसाठी सांगते, रहाड म्हणजे रंगाचा दगडी हौद, दोन पुरुष खोल. वर्षभर वर जाड लाकडं टाकून, माती लोटून ती बुजवलेली असते, वरून बैलगाड्यासुद्धा जातात. रंगपंचमीला उघडायची, उकळलेला रंग ओतायचा आणि सगळ्यांनी त्यात धप्पा मारायचा, म्हणजे उडी. आमच्या रहाडीच्या पूजेचा मान आमच्या घराण्याकडे, त्यामुळे पहिला धप्पा बाबांचा.

रूळ टाकणाऱ्या साहेबाला हे सांगायचं की नाही, यावर आमच्या ओट्यावर खल झाला. सांगितलं तर तो रहाड कायमची भरून टाकेल, नाहीतर लाइन मागच्या आळीतून नेईल. आणि मागच्या आळीचं भलं झालेलं आमच्या चौकाला कसं बघवणार? तेव्हा गप्प बसायचं ठरलं. "रंगपंचमीला रूळ काढू, झाली की परत बसवू. एका दिवसाचा तर प्रश्न," बाबा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. रूळ म्हणजे यांना दुकानाच्या फळ्या वाटल्या असाव्यात.

ताई आतून ऐकत होती. ती दारात येऊन म्हणाली, "बाबा, साहेबांना सांगून टाका. चौक काय लहान आहे? ते बाजूने नेतील."

"तुला त्यातलं काय कळतं?" बाबा म्हणाले. मास्तरीण व्हायला निघालेल्या मुलीला तिच्या बापाने चारचौघांत हे ऐकवलं. मला अजून संताप येतो.

माघात रूळ पडले. खणायचं हातभरच होतं, तेवढी माती रहाडीवर होतीच. खणणारे मजूर गावातलेच, त्यांनीही ब्र काढला नाही. मग एक दिवस गाडी चालवून बघायला आणली, घोड्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा घालून. सगळी आळी फुकटात बसून घेत होती. ताईला बाबांनीच हात देऊन चढवलं. ती मेनरोडपर्यंत बसून गेली आणि बसूनच परत आली. उतरल्यावर नुसती हसत होती. घरी येऊन तिने शाळेत नेसायची दोन पातळं पेटीतून काढली आणि उन्हात टाकली.

मग होळी झाली आणि पहारी घेऊन चौक जमला. नारळ फोडून, रीतसर पूजा करून बाबांनी पहिला रूळ उपटवला. शुभकार्यच ते. रूळ वाकले, खिळे गटारात गेले, पण रहाड मात्र वेळेवर उघडली.

रंगपंचमीच्या सकाळी साहेब धावत आला. त्या दिवशी आपण घोडे आणि माणसांनी भरलेली गाडी कशावरून नेली, हे त्याने वाकून पाहिलं.

"इथे खड्डा होता?"

"खड्डा नाही साहेब, रहाड," कोणीतरी दुरुस्ती केली.

गावात अशा आणखी आहेत का, असं त्याने विचारलं. लोकांनी मोठ्या अभिमानाने एकेक बोट मोडत मोजून दाखवल्या. साहेबाने हात जोडले. या गावाच्या रस्त्यावर आता आपण एक खिळाही ठोकणार नाही म्हणाला, आणि वाकडे रूळ उचलायला माणसं धाडतो म्हणून निघाला. त्यालाही रंग लावूनच सोडला. आमच्याकडे पाहुण्याला कोरडं पाठवत नाहीत.

बाबांचा त्या वर्षीचा धप्पा म्हणे फार जोरदार झाला. रहाड वाचवली म्हणून लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं. ताईच्या नोकरीचं काय, हे त्या अख्ख्या गर्दीत एकाच्याही मनात आलं नाही.

दुपारी बाबा निथळत, हसत घरी आले. ताई पंचा घेऊन दारात उभी होती. तिने तो पुढे केला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, मला नोकरी लागली त्या दिवशी तुम्ही एवढे खूश नव्हतात."

बाबांनी पंचा घेतला. तोंड पुसायचं मात्र त्यांना सुचलं नाही.